तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या आयडिया कुठून आणता?

गेली दोन वर्षं हा प्रश्न ऐकतोय. सकाळच्या फिरण्यात, पोह्यांच्या ठेल्यावर, सूनबाईंच्या मैत्रिणींकडून, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. "काका, तुमची नात सई लेगोच्या ब्लॉक्सचं काय काय बनवते हो! आमच्याकडे डबा नुसता पडलाय. एवढ्या आयडिया कुठून आणता? पुस्तक आहे का एखादं? ॲप?" सूनबाई स्टेटसला फोटो टाकतात, त्याचा हा परिणाम. मी आजवर तीन-चार निरनिराळी उत्तरं दिली आणि त्यातलं एकही धड खरं नव्हतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुन्हा विचारलंत तर हेच पाठवीन.

एक उत्तर मी हिशेबाचं देत असे. पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होतो, त्यामुळे डबा घरी आला तेव्हा मी आधी व्हर्नियर काढून वीट मोजली. विटेवरच्या एका गोल बटणापासून दुसरं बटण 8 मिलिमीटर, विटेची उंची 9.6. पातळ पट्टी, जिला सई पापड म्हणते, ती 3.2. म्हणजे तीन पापडांची एक वीट. आणि पाच पापड एकावर एक ठेवले की 16 मिलिमीटर, बरोबर दोन बटणांची रुंदी. म्हणजे वीट आडवी पाडली तरी मापात बसते! डेन्मार्कातल्या बिलुंडच्या लेगोवाल्यांनी या विटेच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 ला केला, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते म्हणे. मी नोकरीभर विटा पाहिल्या. एका भट्टीतल्या दोन सारख्या निघाल्या तर शपथ. तर, आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतात? कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी काढलेला आकडा 91,51,03,765. "आता सांगा, आयडियांची टंचाई कसली?" असं म्हणून मी समोरच्याला गप्प करायचो. त्याचा उपयोग शून्य. पोर सहा विटा पुढ्यात घेऊन बसतं तेव्हा त्या 91 कोटींतली एकही त्याला सुचत नसते.

दुसरं उत्तर, "मुलांना आपोआप सुचतं, आपण मध्ये पडू नये." हे तर साफ थापेबाजीचं. डबा ओतून "कर काहीतरी" म्हटलं की सई एक वाकडी भिंत करायची आणि दहाव्या मिनिटाला "आबा, बोर हो रहा है."

मग मी मध्ये पडलो. मोबाईलवर चित्रं शोधायची, एका वहीत उतरवायची, रोज एक पान तिच्यासमोर. विमान, जिराफ, दीपगृह. इंदुरात दीपगृह! ती निमूट करायची. मी खूश. वहीची चाळीस पानं भरली होती.

आता राजवाडा. हे कुणालाच सांगितलेलं नाही, सूनबाई सोडून, आणि त्यांनाही सांगावं लागलं नाही, त्यांनी पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी कॉलनीच्या गणपतीला मुलांच्या हातची आरास ठेवायची ठरलं. सई सहा वर्षांची. तिनेच म्हटलं, राजवाडा करू, आपल्या इंदूरचा, होळकरांचा. आदल्याच रविवारी आम्ही तिथे गेलो होतो आणि तिने त्या मोठ्या दारावरचे लोखंडी खिळे हात लावून पाहिले होते. घरी येऊन तिने विटा पाठीवर आडव्या पाडल्या, बटणं समोर आली, आणि म्हणाली, "हे खिळे." मी अवाक. वहीत असलं काही नव्हतं.

पण बाकीचा राजवाडा मला बघवेना. खाली गुलाबी, वर हिरवा, मजले पाच. आणि दारात एक पिवळी कचरागाडी. मी विचारलं, होळकरांच्या वाड्यात कचरागाडी कशाला? "एवढ्या मोठ्या घराचा कचरा कोण नेणार, आबा?" सकाळी गाणं वाजवत येणारी गाडी ती खिडकीतून रोज बघते, ओला एका बाजूला, सुका दुसऱ्या. गाडीतही तिने आतून पापड लावून दोन खण पाडले होते.

मी ती गाडी काढून टाकली. राजवाडा सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. म्हणून खाली राखाडी, वर तपकिरी. विटा कमी पडल्या तेव्हा राणीपुऱ्यातून आणखी एक डबा आणला. त्या विटा जरा सैल बसत होत्या. रात्री ती झोपल्यावर मी खिडक्या करायचो. चार रात्री. आणि मांडवात गर्दीचा धक्का लागेल म्हणून पाचव्या रात्री फेविक्विकच्या सात नळ्या आणून थर न् थर चिकटवला. तपकिरी विटांवर पांढरट झाक आली. जुनं लाकूड वाटतं म्हणून मी तीही खपवली. दहा दिवस लोक फोटो काढत होते. "सईचा राजवाडा." मी बाजूला उभा राहून मान डोलावत होतो.

अनंत चतुर्दशीला विसर्जन करून आलो. सई थेट राजवाड्यापुढे बसली. "आता याचंपण विसर्जन. मला विमानतळ करायचाय, राखाडी लागतील." तिने वरची वीट धरून ओढली. मग नखं लावली. मग दातांनी. मी दारातच उभा. "घट्ट बसल्यात, मी काढून देतो," म्हटलं आणि तिला झोपायला पाठवलं.

सूनबाईंच्या टेबलावरून नेलपेंट रिमूव्हर घेतलं. त्यातलं ॲसिटोन या प्लास्टिकलाच, एबीएसला, विरघळवतं हे मला कुठे ठाऊक. मी सिमेंट-वाळूचा माणूस. कापसाने फासलं. विटा सुटल्या नाहीत, लोण्यासारख्या मऊ पडल्या. बटणं चपटी झाली, कापसाचे तंतू त्यांत रुतले, दारावरचे खिळे बोटाखाली पुसले गेले. खरा राजवाडा 1984 च्या आगीनंतर पुन्हा उभारता आला. हा माझा नाही. सूनबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बाटली उचलून झाकण लावलं आणि गेल्या.

सकाळी सईने तो गोळा पाहिला. रडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "माझी पिवळी गाडी यात नाहीये ना?" नव्हती. मीच तर काढून टाकली होती. चौदा विटा. त्या तिने कंपासपेटीत ठेवल्या आणि डबा दिवाळी होऊन गेली तरी उघडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, काका, आरासच ती, ती चांगली दिसावी असं कुणाला वाटत नाही? मलाही अजून असंच वाटतं, कधीकधी. आयुष्यभर दुसऱ्याने काढलेले नकाशे घेऊन साइटवर उभा राहिलो. एकदा आपलं म्हणून काही उभं करावंसं वाटलं तर गुन्हा नाही. पण मग ते माझ्या नावावर करायचं होतं आणि माझ्या विटा घ्यायच्या होत्या. त्या वेळच्या मला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "पोरीला शिकवतोय." आणि मी तरी काय उत्तर देणार होतो? खिळ्यांची युक्ती तिला मी राजवाड्यावर नेलं म्हणूनच सुचली ना. सूनबाईंचं म्हणणं वेगळंच: "बाबा, पहिलीचा अभ्यास वाढला होता, म्हणून नव्हती खेळत. तुम्ही उगाच मनाला लावून घेता." असेलही.

डबा उघडण्याआधी एक दिवस तिने त्या चौदा पिवळ्या विटा जमिनीवर मांडल्या. केळं. मग जेसीबी. मग पिवळा कुत्रा. चौदापेक्षा जास्त नाहीत, म्हणून कुत्र्याला तीनच पाय. चौथा त्याने "उचललाय". मी हसलो, ती हसली नाही.

तुम्हाला मी ज्या युक्त्या सांगतो त्या सगळ्या तिथून आलेल्या. "आज फक्त वीस विटा." "आज दोनच रंग." दोन पाटांमध्ये पूल बांध आणि त्यावर वरणाची वाटी ठेवून दाखव. (भरलेली वाटी देऊ नका. आम्ही दिली.) पूल तीनदा पडला, चौथ्यांदा तिने सांध्यावर सांधा येऊ दिला नाही आणि वाटी राहिली, गवंड्याला मी हे ओरडून सांगायचो, तिला सांगावं लागलं नाही. रांगोळीसारखी अर्धी नक्षी मी मांडतो, उरलेली आरशातल्यासारखी ती. मी मुद्दाम एक चूक करतो, ती पकडते. विटा रंगावार लावू नका, आकारावार लावा. काळ्या ढिगात काळा पापड सापडत नाही, पण पापडांच्या ढिगात काळा लगेच दिसतो. बस. वही मी रद्दीत घातली. तरी परवा मोबाईलवर एक सुरेख घड्याळबुरुज दिसला आणि मी तो जपून ठेवलाय. तिला दाखवला नाही. दाखवीनही कदाचित.

तो गोळा अजून घरात आहे, गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला. घरी आलात तर पाय जपा. गच्चीच्या कोपऱ्यावर कापूस पोचला नव्हता, तिथली सहा बटणं शाबूत आहेत. अधूनमधून त्यांवर काहीतरी बसवलेलं दिसतं. काल मोर होता, की कोंबडा. मी विचारलं नाही.