वऱ्हाडपांडे सापडेनात

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाचं सभासदांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. रूबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, जुनं, माझंच. एप्रिलच्या एका दुपारी तिथल्या काकांचा फोन आला, "अरे, वऱ्हाडपांडे गायब झाले ना बाप्पा!" यादीत नाव डोळ्यांना दिसत होतं, पण शोधलं की शून्य निकाल. नागपुरात या आडनावाचा माणूस न सापडणं म्हणजे इतवारीत दुकान न सापडण्यासारखं.

शोधताना टाइप केलेलं आणि यादीतलं, अशी दोन्ही नावं शेजारी ठेवून लेंग्थ, म्हणजे लांबी, विचारली. एक म्हणे ११, दुसरं १२. दिसायला अगदी सारखी. मग एकेक कोडपॉइंट, म्हणजे कॉम्प्युटर मोजतो तो अक्षराचा घटक, सुटा केला तेव्हा कळलं. शोधताना टाइप केलेल्या नावात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त होता. जुन्या यादीत मात्र साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. दोन्हींतून पडद्यावर तोच आडवा रफार उमटतो, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकातलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, तेही इथे कामाचं नाही. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) वेगळे आले तर ते त्यांचा ऱ करतं, जोडकाला हातही लावत नाही.

रूबीत कोणताही क्लास (माहितीचा प्रकार) पुन्हा उघडून त्यात भर घालता येते, अगदी भाषेच्या स्वतःच्या स्ट्रिंग या मजकुराच्या क्लासमध्येसुद्धा. मी स्ट्रिंग उघडला आणि 'साफ' नावाची मेथड, म्हणजे नवी क्रिया, घातली. (हो, देवनागरीत. रूबीला चालतं.) जोडकवाला र बदलून ऱ करायचा, शेवटची न तुटणारी स्पेस काढायची, कारण कडेच्या स्पेस काढणारी रूबीची स्ट्रिप तिला सोडून देते, आणि मराठी अंकांचे इंग्रजी अंक करायचे, कारण मजकुराचा आकडा करणाऱ्या 'टू आय'ला मराठी १२ दिलं की ते शून्य सांगतं. वऱ्हाडपांडे सापडले. इथवर सगळं ठीक होतं.

थांबायचं होतं तिथेच. पण ते ११ आणि १२ डोक्यातून जाईना. वाचणाऱ्याला दिसतात पाचच अक्षरं: व, ऱ्हा, ड, पां, डे. मग लेंग्थने पाच का सांगू नये? रूबीची ग्राफीम (दिसणाऱ्या अक्षरांची) मोजणी सहा सांगत होती, कारण ती जोडाक्षर फोडत होती. अशी जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली १५.१ आवृत्तीत आला आणि आमची रूबी त्याआधीची. म्हणून मी स्वतःच नियम लिहिला आणि सरळ लेंग्थच बदलून टाकली. पाच आले. मी खुशीत तर्री पोहे खायला गेलो.

चारेक दिवसांनी काका म्हणाले, "एसएमएसमध्ये आता पुस्तकाचं नाव पूर्ण येते बरं, छान केलं." मी काहीच केलं नव्हतं. तरी मान डोलावली.

महिनाअखेर पुन्हा फोन. "काऊन रे, पैसे दुप्पट कसे कटले?"

मराठी एसएमएस एका खेपेत ७० कोडपॉइंटचा. त्यापुढे गेला की ६७-६७ चे तुकडे होतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. म्हणून संदेश सत्तरात बसेपर्यंत पुस्तकाचं नाव कापायचं, असं मीच कधीतरी लिहून ठेवलं होतं आणि ते लेंग्थवर चालायचं. "आपल्याकडील पुस्तक परत करण्याची मुदत उद्या संपते." स्पेस आणि पूर्णविराम धरून हे वाक्य नजरेला ३१ आणि कोडपॉइंटमध्ये ४८. त्यात माणसाचं आणि पुस्तकाचं नाव जोडलं की सत्तर कधीच ओलांडले जातात. माझी नवी लेंग्थ मात्र म्हणत होती, जागा आहे, जाऊ द्या. फरकाचे पैसे मी भरले. काकांनी नको म्हटलं नाही.

वेबसाइटची भाषा जावास्क्रिप्ट, तिच्यावाल्यांनी तर याचं भाषेच्या पातळीवरचं रूप पाहिलंय. मूटूल्स नावाच्या तयार कोडच्या लायब्ररीने स्ट्रिंगला स्वतःची 'कंटेन्स' मेथड चिकटवली होती. पुढे भाषेतच त्या नावाची मेथड आणायला गेले तर जुन्या साइट मोडायला लागल्या, म्हणून आज आपण 'इन्क्लूड्स' लिहितो. तिथे निदान नवं नाव जोडलं होतं. मी तर असलेल्या नावाचा अर्थच बदलला. या दोन गोष्टींना एकच नाव देऊन 'मंकी पॅचिंग' म्हणतात, ते मला पटत नाही.

आता लेंग्थ पूर्ववत आहे. माझी मोजणी 'अक्षरे' या वेगळ्या नावाने, तीही रिफाइनमेंटमध्ये. ही सोय रूबी २.० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. ज्या फाइलीत 'यूझिंग' लिहू तिथेच बदल लागू होतो, बाकीच्यांना पत्ता नसतो. मला ती माहीत होती, तीन ओळी जास्तीच्या लिहायचा आळस केला.

मजकूर उलटा करणारं रिव्हर्सही तसं चुकीचंच चालतं, कोडपॉइंट उलटे करतं. नागपूर दिलं तर अक्षरांप्रमाणे 'रपूगना' यायला हवं. येतं 'रूपगान'. ते मी तसंच ठेवलंय.