हवा कुठून कुठे जाते, ते सांग

माझा पुतण्या न्यू जर्सीत ट्रकचं लायसन्स काढतोय. तिकडे हवेचे ब्रेक असलेली मोठी गाडी चालवायची तर त्याचा वेगळा लेखी पेपर असतो. प्रश्न २५, पास व्हायला ८० टक्के, म्हणजे २० बरोबर हवेत. आपल्याकडे असा स्वतंत्र पेपर नाही. ड्रायव्हर जे शिकतो ते उस्तादाच्या शिव्या खात. मी एसटीच्या वर्कशॉपात ब्रेकच्या कामावर नोकरी संपवली, आता चुनाभट्टीला घरीच असतो. त्यामुळे तिकडे रात्रीचे नऊ आणि इथे सकाळचे साडेसहा वाजले की आमची शिकवणी सुरू होते.

पोरानं मोबाइलवरचे सराव प्रश्न घोकले होते. १२५ म्हटलं की ‘कट-आउट’, १०० म्हटलं की ‘कट-इन’. पण का, असं विचारलं की गप्प. मी म्हटलं, “ते बंद कर. कॉम्प्रेसरपासून निघ आणि हवा कुठून कुठे जाते ते सांग.”

“काका, पेपरात चार पर्याय देतात हो.”

“देऊ देत. तू सांग.”

मग गाडी रुळावर आली. कॉम्प्रेसर टाक्या भरतो. हवेचा दाब साधारण १२५ पीएसआय झाला की गव्हर्नर, म्हणजे दाबावर लक्ष ठेवणारा भाग, त्याला थांबवतो, ते कट-आउट; १०० च्या आसपास परत कामाला लावतो, ते कट-इन. (आपल्या मीटरवर बार असतात, १२५ म्हणजे साडेआठच्या जरा वर.) आता इंजिन बंद करून ब्रेकवर पाय मारत राहायचं आणि दाबाचा काटा खाली येताना बघायचा. आधी दिवा लागतो, बझर वाजतो. जुन्या पुस्तकांत हा आकडा ६० आहे, नव्यांत ५५. त्यानं आपल्या राज्याचं ताजं पुस्तक धरावं. आणखी खाली, २० ते ४५ च्या दरम्यान, पार्किंग ब्रेकची पिवळी खुंटी आपोआप बाहेर येते आणि स्प्रिंग ब्रेक लागतात. एकदा काटा मनात असा उतरवला की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

खरी मेख या स्प्रिंग ब्रेकमध्येच आहे. पार्किंगचा ब्रेक हवेनं लागतो असं बऱ्याच जणांना वाटतं. लागतो स्प्रिंगनं, हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. हवा गेली की चाक धरलंच. आणि म्हणूनच पार्किंग ब्रेक लावलेला असताना पायाचा ब्रेक दाबायचा नाही; स्प्रिंग आणि हवा दोघांचा जोर एकाच वेळी पडून मोडतोड होऊ शकते. हा प्रश्न हमखास येतो, असं तोच सांगत होता.

गळतीच्या आकड्यांत मात्र तो रोज अडकायचा. ब्रेकवर पाय न मारता मिनिटाला एकट्या गाडीला जास्तीत जास्त २ पीएसआय गळती चालते, ट्रेलर जोडलेला असेल तर ३. पाय दाबून धरला तर ३ आणि ४. याला काही युक्ती नाही, घोकायचंच.

टाकीतलं पाणी रोज का काढायचं, हे त्याला समजावण्यात माझी एक अख्खी सकाळ गेली आणि मजाही आली. मुंबईच्या जुलैत ड्रेन कॉक उघडला की तेलकट पाणी कसं भसाभसा येतं, ते मी हातावर झेललंय. तिकडे तेच पाणी थंडीत गोठतं आणि ब्रेक जाऊ शकतात. म्हणून काही गाड्यांत हवेत अल्कोहोल सोडायची सोय असते. आमच्या वर्कशॉपात ती असती तर बाटली टिकली नसती.

उतारावरचं उत्तर मी बोरघाटावर नेलं. गिअर आधीच खालचा टाकायचा. वेग ४० मैलांवर ठेवायचा असेल तर ४० ला ब्रेक दाबायचा, ३५ ला आला की सोडायचा, परत ४० झाला की परत दाबायचा. पायानं पंप मारत बसलं तर हवा संपते. खंडाळ्याहून न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे महाभाग मी पाहिलेत; त्यांचे ड्रम किती तापलेले असायचे तेही पाहिलंय.

पेपर पुढच्या आठवड्यात आहे. नापास झाला तर लायसन्सवर हवेचे ब्रेक असलेली गाडी न चालवण्याचा शेरा बसतो. पास झाला की प्रत्यक्ष गाडीची परीक्षा, तीत ब्रेकची तपासणी परीक्षकासमोर बोलत बोलत करायची, तीही इंग्रजीत. तिची तयारी रविवारपासून. खुंटी, काटा, बझर, सगळं तोंडानं म्हणत. मी मराठीत ऐकणार.