ज्वारी उपटायची सोडली, तेव्हापासून

आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी कापत नाहीत, उपटतात. लग्न होऊन आल्यापासून मीही तेच केलं. दोन्ही हातांनी ताट धरायचं, हिसका द्यायचा, बुडख्याची माती झटकायची आणि पात पुढे न्यायची. मुळीसकट रानातून काय निघून जातंय, हा विचार मनात कधी आलाच नाही. २०१६ साली माती परीक्षणाचं कार्ड हातात पडलं. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाला-मुळ्यांतून मातीत उरणारा कार्बन, ०.३३ टक्के, पुढे शेरा ‘कमी’.

कृषी सहायक ताईंनी बांधावर बसून हिशेब समजावला. एकरातल्या वरच्या सहा-सात इंच मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. म्हणजे कर्ब ०.१० टक्क्यानं वाढवायचा तर नऊ क्विंटल कर्ब मातीत टिकून राहायला हवा. नुसता टाकून भागत नाही, टिकायला हवा. आणि आमच्याकडे तो टिकावा कसा? पाऊस कमी, म्हणून पालापाचोळाच थोडा. रब्बीसाठी ओल धरायची म्हणून जूनपासून रान मोकळं ठेवायचं आणि कुळवाच्या, म्हणजे माती वरवर मोकळी करणाऱ्या अवजाराच्या, पाळ्यांवर पाळ्या द्यायच्या. दर पाळीला माती उघडी पडते, हवा लागते, ऊन लागतं आणि जिवाणू असलेला कर्ब खाऊन संपवतात. कडबा गोठ्यात, बुडखे चुलीत, शेणाच्या गोवऱ्या. रानाच्या वाट्याला काहीच नाही.

कडबा रानात सोडणं कोरडवाहू माणसाला परवडत नाही. दुष्काळात दावणीची जनावरं त्याच्यावरच जगतात. मुळी मात्र ठेवता येते. २०१७ ला चारपैकी दोन एकरांत मी विळा लावला, चार बोटं धसकट, म्हणजे मुळीसकट बुडखा, रानातच ठेवून. बायका नाराज झाल्या. वाकून कंबर धरते, धसकट पायाला लागतं आणि उक्तंही, म्हणजे ठरवून द्यायची मजुरीही, जास्त द्यावं लागलं. आत्या म्हणाल्या, “धसकटात कीड राहती, बाय.” त्यांचं खरं होतं, खोडकिडीच्या अळ्या तिथंच दडून बसतात. म्हणून पुढच्या रब्बीत त्या दोन एकरांत ज्वारीऐवजी हरभरा घेतला आणि तेव्हापासून हीच फेरपालट ठेवली. नांगरट बंद केली, पेरणीआधी कुळवाची एकच पाळी.

माझी मोठी चूक झाली ती २०१८ ला. हिरवळीचं खत म्हणून हरभऱ्याआधी त्या दोन एकरांत ताग पेरला. पुढे पावसानं दगा दिला आणि जमिनीत होती नव्हती ती ओल तागानंच ओढून घेतली. हरभरा वितीभर होऊन वाळला. रब्बी आमची साठलेल्या ओलीवर उभी असते, तिथं ताग घ्यायचा तो जून-जुलैचा पाऊस बघूनच, आणि फुलावर यायच्या आत मोडून मातीत गाडायचा. हे मला एक पीक घालवून कळलं.

२०१९ ला नमुना दिला तर आकडा ०.५१! मी पेढे आणले. ताईंनी विचारलं, “माती किती खोल घेतली होती, वहिनी?” पुतण्यानं वरवरची तीन-चार इंचच खरवडली होती. नांगरट बंद केली की कर्ब वरच्या थरात साचतो, त्यामुळं उथळ नमुना फसवतो. पहिला नमुना वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घेऊन काढला होता, तसाच पुन्हा काढला. आठ ठिकाणची माती घमेल्यात मिसळली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवली. आकडा आला ०.३६. वाईट वाटलं, पण तोच खरा होता.

२०२० च्या ऑक्टोबरात सोलापूर जिल्ह्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. उघडल्यावर बांधावर गेले. उपटणीच्या तुकड्यातून गढूळ लोंढा वाहत होता, दुसऱ्या तुकड्यातून येणारं पाणी कमी होतं आणि बरंच निवळ. एक जुनं धसकट उकरून पाहिलं. मुळी कुजून पोकळ झाली होती आणि त्या भोकातून पाणी खाली जिरत होतं. कार्डापेक्षा मला ते जास्त पटलं.

२०२३ ला त्याच खोलीवर ०.४२ आला. सात वर्षांत एवढंच, तेही अधूनमधून शेणखत घालून आणि लेंड्यांच्या खतासाठी दोनदा रानात मेंढ्या बसवून. आत्यांनी आता गोवऱ्या थापणं बंद केलंय, शेण उकिरड्यावर जातं.

यंदा उरलेल्या दोन एकरांतही विळाच लावणार आहे. कापणाऱ्या बायकांसाठी सहा जोड बूट आणून ठेवलेत.