क्लाइड : व्हिन्सेंट पाइक यांच्या गावात

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्लाइड या चिमुकल्या गावी आम्ही सकाळी पोहोचलो, तेव्हा बुटाखाली चुरडलेल्या रानटी थाइमचा, थेट आपल्या ओव्याची आठवण करून देणारा वास हवेत भरला होता. गावाला नाव मिळाले आहे ते लॉर्ड क्लाइड यांचे, म्हणजे डिसेंबर १८५७ मध्ये कानपूरला तात्या टोपे यांच्या फौजेचा पराभव करणाऱ्या कॉलिन कॅम्पबेल यांचे. इतक्या दूर ते नाव समोर आल्यावर मन क्षणभर जड झाले.

मी आले होते मात्र व्हिन्सेंट पाइक यांच्यासाठी. १८२७ साली इंग्लंडमधील सॉमरसेटमध्ये जन्मलेले पाइक १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात आले, व्हिक्टोरियात सोने शोधत राबले आणि खाणकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून तिथल्या विधिमंडळात गेले. ऑगस्ट १८६२ मध्ये हार्टली आणि रायली या दोन सोनेशोधकांनी क्लुथा नदीच्या याच घळीतले ८७ पौंड वजनाचे सोने डनेडिन शहरात जमा केले आणि इकडे माणसांची रीघ लागली. त्याच वर्षी ओटागोत, म्हणजे क्लाइड ज्यात मोडते त्या प्रांतात, आलेल्या पाइक यांच्याकडे सुवर्णक्षेत्रांचा कारभार सोपवला गेला. पुढे ते क्लाइडलाच मॅजिस्ट्रेट झाले. सुवर्णक्षेत्रातल्या मॅजिस्ट्रेटपुढे येणारे तंटे हद्दींचे आणि पाण्याचे असत. सोने धुण्यासाठी डोंगरउतारावरून आणलेल्या पाटाचे पाणी कोणी किती घ्यायचे, हा वाद आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१८७३ मध्ये ते न्यूझीलंडच्या संसदेत गेले, डनेडिनच्या ‘सदर्न मर्क्युरी’ या वृत्तपत्राचे संपादनही त्यांनी केले. ज्याने कारभाराची घडी बसवली, त्यानेच न्यायासनावर बसावे आणि पुढे लेखणीही चालवावी, हे आज खटकेल. तरीही या दऱ्याखोऱ्यांतला माणूस त्यांना जवळून ठाऊक होता, म्हणूनच त्यांचा शब्द येथे चालला, असे मला मनापासून वाटते. येथील परगण्याला व्हिन्सेंट असे नाव पडले, तेही आडनाव नव्हे, पाळण्यातले! ते नाव १९८९ पर्यंत टिकले.

ओटागोच्या अंतर्भागात रेल्वे यावी, हा त्यांचा ध्यास होता. काम १८७९ मध्ये सुरू झाले. जून १८९४ मध्ये खासदार असतानाच पाइक वारले आणि गाडी क्लाइडला पोहोचली ती १९०७ मध्ये. आता रूळ उखडलेले आहेत आणि त्या जागी मिडलमार्च गावापर्यंत १५२ किलोमीटरची सायकलवाट आहे. आम्ही तिच्यावरून ॲलेक्झांड्रापर्यंतचे आठ किलोमीटर गेलो. चढ जवळजवळ जाणवलाच नाही. वाफेच्या इंजिनाला झेपेल, असाच तो आखलेला होता.