“बस, एवढंच?”

ब्राँकिओलायटिसचं, म्हणजे बारीक श्वासनलिका सुजलेलं, तान्हं बाळ वॉर्डात आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “सिस्टर, औषध कुठलं चालू आहे?” मी सांगते, नाकात सलाइनचे थेंब, सक्शन (नाकातला स्राव ओढून काढणं), लागला तर ऑक्सिजन आणि थोडंथोडं दूध. चेहरे उतरतात. “बस, एवढंच?”

हो, एवढंच. यामागे बहुतेक वेळा आरएसव्ही हा विषाणू असतो आणि अँटिबायोटिकला तो दाद देत नाही. नेब्युलायझर, स्टिरॉइड यांचाही बहुतेक बाळांना उपयोग नाही. (आजींना हे पटवणं सर्वांत अवघड.) मोठ्यांना ज्यानं साधी सर्दी होते, त्यानंच बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावानं तुंबतात. इतकी लहान बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढणं बंद. म्हणून आधी नाक मोकळं करायचं, मग पाजायचं. तरीही जमेना तर नळीनं दूध. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास त्रास वाढतो, हे मी आधीच सांगून ठेवते. नाहीतर “इथं आणून बिघडलं” असं ऐकावं लागतं.

घरी असाल तर बाळाचे कपडे वर करून पाहा. पोट उडतंय, बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, नाकपुड्या फुलतायत, दूध निम्म्यावर आलंय, लंगोट कोरडे राहतायत, तर लगेच दाखवा. ओठ निळसर दिसले किंवा श्वास मध्येच थांबला, तर एक क्षणही थांबू नका. अगदी लहान बाळांत कधीकधी श्वास थांबणं हेच पहिलं लक्षण असतं.

आरएसव्हीवर लस इतकी वर्षं का नव्हती? १९६०च्या दशकात अमेरिकेत एक करून पाहिली होती. लस घेतलेल्या बाळांना पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला. दोन बाळं दगावली. त्या धक्क्यानं संशोधन कित्येक वर्षं मागे पडलं. विषाणू ज्याच्या जोरावर पेशीत शिरतो ते एफ प्रथिन शिरण्यापूर्वी नेमकं कसं दिसतं, हे २०१३मध्ये कळलं आणि वाट मोकळी झाली. आता गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला देण्याची लस आहे. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं (विषाणूला रोखणारी प्रथिनं) वारेतून बाळाला मिळतात. दुसरा मार्ग निर्सेविमॅबचा: बाळालाच तयार प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन, जे पाच-सहा महिने पुरतं. बहुतेकांना दोन्हींपैकी एकच लागतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या बाळांच्या बाबतीत तर डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

बाकी हात धुणं आहेच. हा विषाणू खेळण्यांवर, कठड्यांवर तासन् तास टिकतो. आणि सर्दी झालेल्या काकांना मी वॉर्डाच्या दारातच अडवते. “नुसता एक पापा घेतो” म्हणतात. रागावतात. रागावू देत.