ढाळज

१६ ऑक्टोबर, रात्र

काल त्या वाचनालयात गेले नसते तर बरं झालं असतं, असं सकाळपासून दहा वेळा मनात आलं. दहाही वेळा ते खरं वाटलं नाही.

वाचन प्रेरणा दिन नेमका सोयाबीनच्या दिवसांत येतो. औसा सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगाला मळणी यंत्रं चालू, गाडीच्या काचेवर भुस्कट. पोचले तेव्हा सतरंजीवर नऊ माणसं, त्यातली पाच शाळेतली पोरं. ग्रंथपाल ओशाळून म्हणाले, "ताई, सोयाबीनमुळं कुणी येईना गेलंय. समदे रानात हायेत." मी म्हटलं, असू द्या. खरंच काही वाटलं नव्हतं. आभाळ भरून आलेलं, रास भिजली तर वर्ष गेलं. अशात कोण कादंबरी ऐकायला येतं, आणि का यावं?

बोलणं झालं, चहा झाला. मग त्यांनी कपाटातून माझी कादंबरी काढून समोर ठेवली. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईतला दाखल क्रमांक. मी सवयीनं आधी शेवटचं पान उलटलं. परतीच्या तारखांच्या कागदावर अकरा शिक्के. शेवटचा २०१७ चा. तेरा वर्षांत अकरा वेळा, आणि त्यातले चार शिक्के २०१४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले, एकापाठोपाठ. एकाच माणसानं मुदत वाढवून वाढवून ठेवून घेतलं असणार.

मग पान ४१ उघडलं गेलं.

'देवडीत कंदील लावला होता' या ओळीतल्या 'देवडीत'वर पेन्सिलीची एक बारीक, सरळ रेघ. पट्टी धरून मारल्यासारखी. आणि वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, जुन्या वळणाच्या अक्षरात: 'ढाळजेत'.

माझे कान तापले. त्या पोरांसमोर, त्या सतरंजीवर.

पुढं चाळत गेले. पान ४३, ढाळज. पान ४७, ढाळज. पहिल्या पाच-सहा ठिकाणी पूर्ण शब्द, पुढं नुसतं 'ढा.' आणि रेघ. पुस्तक घरी न्यायचं म्हटलं तर ग्रंथपाल म्हणाले, "तुमचंच हाय की ताई, न्या." पण मी रजिस्टरात सही केली. बारावा शिक्का माझा. तीस तारखेच्या आत परत करायचंय.

रात्री बसून मोजलं. एकतीस.

हस्तलिखितात ढाळजच होतं, हे त्या माणसाला कसं कळलं असेल? कळायचं काय त्यात. ज्यानं ढाळज पाहिलीय त्याला ते पान वाचताच कळलं असणार की हा शब्द या घरातला नाही. वाड्याच्या दारातून आत शिरलं की बाजूला उंच ओट्यावरची, माळवदाखालची ती जागा. तिथं आल्यागेल्याचं बसणं, पाव्हण्यांचं अंथरूण, सालगड्याचा गुढीपाडव्याचा हिशेब, सोयरीक जुळणं आणि मोडणं, सगळं तिथंच. बायकांनी सहसा तिथं थांबायचं नाही, पदर सारखा करून पुढं व्हायचं. देवडीत पहारेकरी बसतो. ढाळजेत घर बसतं. माझी सगळी कादंबरी त्या दोन खणांत घडते आणि त्या दोन खणांचं नावच पुस्तकात नाही.

आणि हे कुणी बळजबरीनं केलेलं नाही. इथंच मला दिवसभर टोचतंय.

२०११ च्या जानेवारीत मुद्रितं कुरिअरनं आली होती. अडीचशे पानांचा गठ्ठा, चार दिवसांत परत पाठवायचा होता. घरात दहावीची परीक्षा, माईंचं दुखणं, बाकीचं सांगत बसत नाही. पान ४१ च्या समासात लाल शाईत लिहिलेलं होतं, 'ढाळज? वाचकाला कळणार नाही. सर्वत्र देवडी केले आहे.' मुद्रितशोधकांचा मला राग नाही. त्यांनी माझ्या किती तरी वेलांट्या नीट केल्या, एका पात्राचं वय दोन प्रकरणांत दोन होतं तेही त्यांनीच धरलं. त्यांना जे कळलं नाही ते त्यांनी विचारलं. विचारलं होतं! मी त्याखाली निळ्या पेनानं एक शब्द लिहिला: 'चालेल.'

चालेल. किती सहज लिहिलं होतं ते. संवादांसाठी मी भांडले होते. 'येऊलालंय'चं 'येतोय' केलेलं सतरा ठिकाणी परत फिरवलं, फोनवर आवाज चढवला. पण निवेदन प्रमाण भाषेत हवं, असं तेव्हा सगळेच म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. म्हणजे पात्रांनी आपल्या बोलीत बोलावं आणि त्यांची गोष्ट सांगणारीनं मात्र आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून बोलावं. त्याच आईच्या पोटची असून. पहिलीच कादंबरी होती, पुण्याचे प्रकाशक होते, पुस्तक निघतंय हेच डोक्यावर छप्पर आल्यासारखं वाटत होतं. एका शब्दासाठी कोण अडून बसतं?

कुणी तरी पट्टी घेऊन बसलं की. एकतीस वेळा.

दुपारी फार रडू आलं, ते त्या शब्दासाठीच होतं का ते सांगता येत नाही. इतकी वर्षं लिहितेय, काय उरलं याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. हजार प्रतींची आवृत्ती, अजून संपलेली नाही. आता तर प्रकाशक पाचशेचीच काढतात, कुणी तीनशेची. उदगीरला २०२२ मध्ये संमेलन भरलं, आपल्या जिल्ह्यात, घरापासून दीड-दोन तासांवर. तीन दिवस गाळ्यापाशी उभी होते, माझ्या चार प्रती गेल्या. त्यातली एक आपल्याच शाळेतल्या बाईंनी घेतली, भिडेपोटी. खपतात त्या प्रती बहुतेक वाचनालयांच्या खरेदीत, अनुदानाचा हप्ता आला की. आणि तिथंही अकरा शिक्के. पहाटे चारला उठून, सगळं घर झोपलेलं असताना, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली लिहिलं ते यासाठी का? असं सगळं.

मग संध्याकाळी दिवा लावताना एकदम लक्षात आलं, की अकरातले चार एकट्याचे आहेत. दोन महिने कुणी तरी ते पुस्तक घरात ठेवून घेतलं होतं. मी स्वतः दुसऱ्याचं कुठलं पुस्तक असं दोन महिने जवळ ठेवलंय?

आज पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, त्या पेन्सिलीच्या मागून. आणि पान १६८ वर थांबले. तिथं 'देवडी' आहे आणि त्यावर रेघ नाही. निसटलं असेल म्हणून नीट वाचलं. आजोबा तहसिलीला जातात, पहारेकरी त्यांना देवडीत थोपवून ठेवतो, तो प्रसंग. माझी जुनी वही काढून पाहिली. तिथं मी मुळातच देवडी लिहिलं होतं.

त्या माणसाला दोन्ही माहीत होतं. कुठली देवडी आणि कुठली ढाळज. एकतीस ठिकाणी खोडलं आणि बत्तिसावी, बरोबर होती ती, तशीच सोडली. हे वाचणं आहे. याला मी कुठला पुरस्कार म्हणू?

कोण असेल? अक्षर जुनं आहे, 'ळ'ची गाठ मोडी येणारे लोक काढत तशी. साठीच्या पुढचं माणूस, मास्तर असेल, नाही तर कुणी आजी. मला सारखी आजीच दिसते. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर पुस्तक, पट्टी नातवाच्या कंपासातली. का दिसते, ठाऊक नाही. ढाळजेत बसायची मुभा नसलेल्या बाईनंच ढाळज परत आणून ठेवावी, असं मला वाटतंय बहुतेक.

त्या भागातलं माणूस म्हणजे १९९३ चा भूकंप पाहिलेलं. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात जे गार ठेवायचं तेच अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. पुढं बावन्न गावं उठून नव्या जागी बसली. सरळ रस्ते, नंबर घातलेली घरं, भूकंपाला टिकतील अशी. चांगलीच आहेत ती घरं. त्यांना ढाळज नाही. म्हणजे वस्तू गेली, आता राहिला होता तो शब्दच, आणि तो ज्या पुस्तकात राहिला असता त्याच्या समासात मी 'चालेल' लिहून बसले.

आजोबा त्या रात्री ढाळजेतच झोपले होते. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

ग्रंथपालांना विचारलं होतं, २०१४ ला हे कुणी नेलं होतं? म्हणाले, "जुनं रजिस्टर माळ्यावर असल. हुडकून ठेवताव, फोन करा." आज दोनदा मोबाइल हातात घेतला, केला नाही. नाव कळलं तर भेटायला जावं लागेल. भेटल्यावर म्हणावं लागेल, की शब्द मला येत होता. मला ढाळज माहीत होती. आणि मग ती आजी (किंवा मास्तर) विचारतील, मग लिहिला का नाही? आणि दहा वर्षांत माणूस नसलंच तर? त्यापेक्षा रजिस्टर माळ्यावर राहिलेलं बरं. उद्या कदाचित करीन.

प्रकाशकांना मात्र फोन केला. दुसरी आवृत्ती निघेल का, एक दुरुस्ती आहे म्हटलं. शांतपणे म्हणाले, ताई, पहिलीच्या दीडशे प्रती पडून आहेत. त्यांचंही खरं आहे. गोदामाचं भाडं तेच भरतात. नव्या कादंबरीचं विचारलं तर म्हणाले, पीडीएफ पाठवलीय, पाहून घ्या. मोबाइलवरच आली आहे. आता समास नाही, लाल शाई नाही, पिवळ्या चौकटीत शंका येतात. पान बारावर एक आहे: 'बळद म्हणजे काय?' जेवायच्या आधी उत्तर लिहिलं, भिंतीतलं धान्य साठवायचं कोठार, वरून भरायचं, खालच्या भोकातून काढायचं, शब्द बदलू नये. लिहिताना हात जरा थरथरला. राग नव्हता. उशीर झाला होता.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. त्या पेन्सिलीनं आणखी एका ठिकाणी लिहिलंय, आणि तिथं मुद्रितशोधकांचा काही संबंध नाही. पान ११२. संक्रांतीच्या दिवशी मी खळ्यावर मालदांडीची रास करवली आहे. मोठा प्रसंग आहे, समीक्षकांपैकी एकांनी त्याच पानाचं फार कौतुक केलं होतं. समासात उभ्या ओळीत लिहिलंय: 'येळवस होऊन महिना नाही. ज्वारी हुरड्यात आहे. खळं कुठलं?'

मी शेतकऱ्याची लेक. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या त्या रानातल्या सणाला, कडब्याच्या कोपीत आंबील प्यालेली, भज्जी खाल्लेली, उभ्या ज्वारीत लपाछपी खेळलेली. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चात खळ्यावर येते हे मला शिकवावं लागतं का? पण त्या प्रकरणात मला सण हवा होता आणि रास हवी होती, म्हणून मी ज्वारी दोन महिने आधी कापली. कुणीच बोललं नाही. ना शंका आली, ना लाल शाई. इतकी वर्षं ते वाक्य छापील म्हणून खरं होतं.

ते वाचलं तेव्हा आधी पोटात खड्डा पडला. आणि मग, कसं सांगू, छाती हलकी झाली. दिवसभर मी त्या माणसासमोर गुन्हेगारासारखी उभी होते, शब्द सोडून दिला म्हणून. त्या माणसानं मला काहीच म्हटलं नव्हतं. पुस्तकात एक शब्द चुकला होता तो नीट केला, ज्वारी चुकली होती ती सांगितली, आणि मुदत वाढवून पुढं वाचत राहिलं. रानात वाकडं तास पडलं की शेजारचा धुऱ्यावरून ओरडून सांगतो, तसं. तो काही भांडायला आलेला नसतो.

आत्ता साडेअकरा झालेत. कपाटात माझ्याकडच्या चार प्रती आहेत, एक माईंना दिलेली, तिची ती परत आलेली. त्यातली एक काढून बसले आहे. पट्टी सापडली नाही, पोस्टकार्डाच्या कडेनं रेघा मारतेय. पान २१६ पर्यंत आले, अठ्ठावीस झाले. पहिले सगळे पूर्ण लिहिले, आता माझंही नुसतं 'ढा.' होतंय. १६८ ची देवडी सोडली.

११२ चं पान अजून राहिलंय. तिथं काय लिहायचं ते समोर लिहिलेलंच आहे. तेवढं उतरवून घेते आणि झोपते.