बटण दाबलं का?

मी एसटीत वाहक आहे. लोक मास्तर म्हणतात, कधी आणखी काही म्हणतात. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे करत नाटे गावाला जाणारी संध्याकाळची गाडी माझ्याकडे असायची. ती तिथेच वस्तीला राहायची आणि पहाटे पावणेसहाला परत फिरायची.

नोकरीला लागलो तेव्हा माझा जीव रोज या ड्युटीत अर्धा व्हायचा. घरी गेल्यावर बायको काही विचारायला आली की मी खेकसायचो. एकदा डॉक्टरांनी बीपी बघितलं, पट्टा सोडला, परत बांधला आणि परत बघितलं. तेव्हा आमच्या डेपोतले एक निवृत्तीला आलेले वाहक, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी मला चहाला नेलं. मला वाटलं आता प्राणायाम सांगतात. ते म्हणाले, "पिशवी दाखव." माझ्या पिशवीत नोटा, चिल्लर, पेन, तंबाखूची पुडी आणि वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, असं सगळं एकत्र कोंबलेलं होतं. आबांनी ते टेबलावर ओतलं. "हे तुझं बीपी," म्हणाले.

त्यांच्या सवयी अगदीच साध्या होत्या. चिल्लर तीन डब्यांत: रुपये, दोनाची नाणी, पाचाची नाणी. डब्या औषधाच्या, झाकणाला रंगीत टेप. नोटा उभ्या दुमडून डाव्या हाताच्या बोटांत, दहाच्या सगळ्यात आत. पाचशेची नोट बोटांत ठेवायचीच नाही, सरळ आतल्या खिशात. सुटे द्यायचे राहिले तर आकडा तिकिटाच्या मागे लगेच लिहायचा. तोंडाने "नंतर देतो" म्हटलं की ते रुपये दिवसभर डोक्यात खडखडतात. लिहिलं की मग ती काळजी प्रवाशाची. रात्री झोपण्याआधी बिल्ला, पेन, तिकिटाचं मशीन, पाण्याची बाटली एका जागी. आणि शेवटची गोष्ट, जिला मी मनातल्या मनात हसलो होतो: प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर आत माणसं किती ते मोजून खिशातल्या डायरीत टिपायचं. मशीन सगळं सांगतं हो, पण आबा मशीन यायच्या आधीचे. कागदी तिकिटांचा ट्रे आणि पंचवाले.

पहाटे उठा, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. आम्हाला ते सांगायची गरजही नव्हती.

आता २०२४ ची गोष्ट. एसटीचा संप नुकताच मिटला होता, चतुर्थी ७ सप्टेंबरला. ५ तारखेच्या रात्री आम्ही वस्तीला पोचलो तेव्हा देवळात भजनी मंडळींचा सराव चालू होता. आमचे ड्रायव्हर पखवाजाचे वेडे. जेवून तिथेच बसलो, साडेअकरा कसे वाजले कळलं नाही. खोलीवर आलो, मशीन चार्जिंगला लावलं, आडवा झालो.

पहाटे साडेचारला हात लावला तर मशीन थंड. पिन लावली होती, भिंतीवरचं बटण दाबलंच नव्हतं. बॅटरी १४ टक्के. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आणि दिवस कुठला, तर हरतालिकेचा. लाईट होती, सगळं होतं, दोष फक्त माझ्या अंगठ्याचा. तासभर लावून ठेवलं, जेमतेम ३० च्या पुढे गेलं. सुटताना मी ड्रायव्हरांना काही बोललो नाही. लाज वाटली.

आडिवऱ्यापर्यंत बसायला जागा होती. कशेळीला एक म्हातारे गृहस्थ शाळेतून गणपती घेऊन चढले. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, शाळा म्हणजे गणपतीची शाळा, जिथे मूर्ती घडवतात. वीतभर उंचीची मूर्ती, पाटावर, तोंडावर रुमाल. पुढच्या सीटवरचे दोन कॉलेजवाले न सांगता उठले. म्हाताऱ्यांनी पाट मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी कडा धरल्या. त्यानंतर आमच्या ड्रायव्हरांनी ज्या तऱ्हेने गाडी चालवली ती मी आजवर पाहिली नाही. खड्डा आला की आधी अख्खी गाडी जवळजवळ थांबायची, मग एक चाक, मग दुसरं. गावखडीच्या पुलावर पाऊस आडवा येत होता, खिडक्या बंद, आत घाम आणि अबोलीचा वास, आणि उभी असलेली माणसं त्या पाटाला धक्का लागू नये म्हणून दांडीला लोंबकळत एकमेकांना सावरत होती.

मागून एक आजी म्हणाल्या, "मास्तरानू, गणपतीचा तिकीट काडूचा लागता काय?" मी म्हटलं, "त्यांचं वय पंच्याहत्तरच्या वर आहे." गाडी हसली.

हा विनोद मला अर्ध्या तासात नडला.

पावसला गाडी थांबली आणि दाराशी ही गर्दी. पूजेच्या बाजाराला निघालेल्या उपाशी बायका, शाळेची पोरं, मुंबईहून आदल्याच दिवशी आलेले चाकरमानी. चार-पाच तिकिटं फाडली आणि मशीन काळं झालं. परत चालू केलं, परत काळं. पेटीत कागदी तिकिटांचा ट्रे असतो, तो काढला. महिलांचं तिकीट अर्धं, तो हिशेब तोंडी. चिल्लरच्या डब्या नसत्या तर मी तिथेच बसकण मारली असती. पण पंच्याहत्तरीवरच्यांचा प्रवास फुकट असतो, तरी त्यांना शून्य रकमेचं तिकीट द्यावं लागतं आणि ते निघतं मशीनमधून. असे चार जण चढले. त्यांचं आधार कार्ड पाहिलं आणि डायरीत लिहिलं. ते पान अजून माझ्याकडे आहे: "पावस सोडले ७.०५. आत ६८. मशीन बंद. ज्येष्ठ ४, तिकीट नाही: हिरवे लुगडे, काळी टोपी, काठीवाले, त्यांची बायको."

गोळपला हात दाखवून गाडी थांबवली गेली. तपासणी पथक.

एक साहेब पुढून चढले, एक मागून. मी गप्प उभा. कानात आपल्याच रक्ताचा आवाज येतो ना, तसा. त्यांनी मोजायला सुरुवात केली. काठीवाल्यांकडे तिकीट नाही. त्यांच्या बायकोकडे नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मशीन दाखवलं, मग डायरी काढून ते पान पुढे धरलं. त्यांनी लुगडं शोधलं, टोपी शोधली. उरलेल्यांची तिकिटं बघितली, डोकी मोजली. अडुसष्ट. "मशीन कशामुळे बंद?" म्हणाले. चार्जिंगला लावून बटण दाबायला विसरलो, असं मी सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही, आणि खरं सांगितलं की पुढचं लक्षात ठेवावं लागत नाही. साहेबांच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. वेबिलावर शेरा मारला, सही केली आणि उतरता उतरता गणपतीच्या रुमालाकडे बघून हात जोडले.

रत्नागिरीला हिशेब भरायला बसलो तर वीस रुपये कमी. ते खिशातून भरले. कुणालातरी जास्त परत गेले असणार. त्या दिवशी वीस रुपये म्हणजे मला स्वस्त वाटले. मग रोजच्यासारखा स्टँडच्या मागच्या बाकावर पाच मिनिटं बसलो, मोबाईल पिशवीत. हीसुद्धा आबांचीच सवय, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळ्या चुकल्या तरी ही मी सोडत नाही. समोर एक बाई तिकीट उलटं करून उभ्या होत्या.

"मास्तरानू, माजे धा रुपये रवले."

मागे माझ्याच अक्षरात १०. दिले.

संध्याकाळी परत तीच गाडी, तीच खोली. भजन होतंच, पण आज आम्ही लवकर उठलो. मशीन लावलं, बटण दाबलं, दिवा लागला. आडवा झालो. थोड्या वेळाने उठून परत बघितलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा अंधारातून ड्रायव्हरांचा आवाज आला, "लागलाय दिवा. मी पण बघितला दोनदा. झोप आता."

यांना कुणी सांगितलं? मी तर दिवसभर यांच्याजवळ एक शब्द बोललो नव्हतो.